वुआईनं उचललेले दगड

शी! आमच्या किनाऱ्याचं नाव काढलं तरी मला मळमळतं. पाहुणे लांबून निळं पाणी बघायला येतात. पण ओहोटीला बायका नारळाच्या सोडणांचे खड्डे उघडतात, तेव्हा नासकी अंडी, सडकी मासळी आणि माझ्या मेव्हण्याचं तोंड एकत्र आल्यासारखा वास सुटतो. एकदा त्या वासानं उडता कावळा बेशुद्ध होऊन आमच्या पिलावाच्या पातेल्यात पडला. खोटं वाटतं? पातेलं अजून घरात आहे.

पण काथ्या होतो तो असाच. नारळाची सोडणं चिखलात पुरायची, महिनोन्महिने कुजवायची, मग बडवून दोर वळायचा. प्रत्येक बाईचा खड्डा वेगळा, वर खुणेचे दगड. दुसरीच्या खड्ड्यात बोट घालणारीशी गाव बोलत नाही.

आमच्या गावच्या वुआईनं किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. "हे दगड ओंगळ दिसतात," म्हणत त्यानं एके सकाळी ते सगळे उचलून स्वतःच्या कुंपणाला लावले. भरती येऊन गेली, वाळू सपाट. कुणाचा खड्डा कुठे, पत्ताच नाही. माझी बायको म्वातिमा मटकन खाली बसली. "वर्षाची मेहनत गेली की हो! आता कुणाचं उपसू?"

तेवढ्यात वुआई पाहुण्यांना घेऊन तिथूनच निघाला. "बघा, कसा स्वच्छ किनारा..." आणि कमरेपर्यंत आत! बुडबुडे फुटले. असा काळा भपकारा आला की एक पाहुणी टोपीत ओकली आणि गोंधळून तीच टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"काढा मला! भरती येतेय!"

एकही बाई हलली नाही.

"कशी काढू रे बाबा?" म्वातिमा नाक दाबून म्हणाली. "खड्डा कुणाचा, ते कळायला नको? चिंधी शोध."

सोडणांच्या गठ्ठ्याला जी ती बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. वुआईनं खांद्यापर्यंत हात घातला, ओकारी गिळत चाचपडला. वर आली काजूच्या नक्षीची पिवळी चिंधी.

सगळ्या वळून म्हाताऱ्या बी मिझेकडे बघायला लागल्या. ती वुआईची आई. हे घाणेरडं काम आपण तिला सोडायला लावलंय, अशी त्याची समजूत होती.

"आई, तू अजूनही?"

"मग काय, तुझ्या पाहुण्यांची तोंडं बघत बसू?"

"हात दे ना गं!"

"आधी सांग. सगळ्यांच्या चिंध्या तूच शोधणार? दगड तूच परत मांडणार?"

पाणी बरगड्यांना लागलं. "शोधतो! मांडतो! सगळ्यांच्या!"

मग तिनं हात दिला. दुसऱ्या ओहोटीपासून वुआई चिखल उपसून चिंध्या शोधत होता आणि ज्या त्या बाईला विचारून दगड मांडत होता. म्वातिमाची निळी चिंधी अगदी शेवटी सापडली. ती हसली आणि तो पुन्हा ओकला.

वुआईच्या अंगाचा वास काही गेला नाही. त्याच्या बायकोनं त्याची खाट बकऱ्यांच्या गोठ्यात टाकली. बकऱ्या त्याच संध्याकाळी दावं तोडून आमच्याकडे राहायला आल्या. अजून आहेत. आणि आता त्यांच्याही अंगाला तोच वास येतो. शी!