लागू पडतंय

"गौतमे, तुजा बाप झोपला का काय?" बोळाच्या तोंडाशी हंडा आपटत गोजराबाई ओरडली. "कवाधरनं तोटी नुसती फुसफुसतीया!"

गौतमी ओट्यावर दात घासत उभी होती. घोटावड्याच्या शाळेत ती शिकवायची, सासरही तिकडेच. सुट्टीला उरवड्याला आली की तिला जाग यायची ती नळाच्या पहिल्या धारेने. गावाला पाणी सोडायचं पंचायतीचं काम तिचे आबा तिच्या जन्माआधीपासून करत होते. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका घड्याळाकडे बघत नसत; पाणी आलं की डबे भरायला घेत. आबांना, गावाच्या सोपानला, ताप असला तरी पाणी यायचं. आज आळीतला एकही नळ वाहत नव्हता.

चूळ भरून ती तशीच टेकाडावरच्या टाकीकडे निघाली. आबा व्हॉल्व्हच्या खड्ड्याच्या कडेवर बसले होते. लांब लोखंडी चावी मांडीवर आडवी.

"काय झालं आबा?"

"जाम झालाय गं व्हॉल्व. फिरंना."

गौतमी गुडघ्यावर बसली, चावी आत घातली आणि दोन्ही हातांनी दाबली. चावी कुरकुरली आणि सहज फिरली. पाइपातून पाणी धावत खाली गेलं. खाली आळीत कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडलं.

आबा स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

"आता मास्तरीनबाईलाच लावतो पंचायतीत," ते हसले. उठताना मात्र त्यांचे गुडघे लुळे पडले आणि त्यांनी तिचा खांदा धरला. हात गार होता. आबांचा हात गार असल्याचं तिला आठवत नव्हतं.

घरी तिची आई चंद्रकला स्टीलचा छोटा पेला घेऊन दारातच उभी होती. पेल्यात काळपट रस. त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता, कुजक्या फळांच्या पाटीसारखा.

"हे काय?"

"नोनीचा रस. किडनी धुऊन काढतो," आतून शारदामावशी म्हणाली. ही आईची धाकटी बहीण. गुडघे धरले होते तेव्हा कुणीतरी तिला हा रस दिला, गुडघे सुटले, आणि तेव्हापासून ती गावोगाव बाटल्या पोचवत होती. प्रत्येक बाटलीवर तिचा हात जोडलेला फोटो आणि मोबाईल नंबर असलेलं स्टिकर.

पिरंगुटच्या डॉक्टरांनी आबांच्या किडन्या थकल्याचं सांगितलं होतं. त्या दिवसापासून आईने घरातलं मीठ कमी केलं, केळी बंद केली, नारळपाणी बंद केलं. डॉक्टरांचा एकही शब्द तिने खाली पडू दिला नव्हता.

"डॉक्टरांना विचारलंस का याचं?"

"फळाच्या रसाचं डाक्टरला काय इचारायचं? औषद हाय का ते?"

"मावशी, आबांच्या हातात जोर नाही. व्हॉल्व्ह फिरवता आला नाही त्यांना."

"मग लागू पडतंय बघ!" मावशीचा चेहरा उजळला. "इष बाहेर पडाया लागलं की पयलं असंच गळाटतं मानूस. मी तर आठवडाभर हातरुनातच हुते. व्हय न्हवं दाजी?"

"तू हातरुनात हुतीस तवा गाव लई शांत हुतं," आबा म्हणाले. आई आणि मावशी हसल्या. आबांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले आणि एका घोटात संपवला. आईने लगेच गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

गौतमीला हसू आलं नाही. तिने रिक्षा बोलावली.

पुण्यातल्या दवाखान्यात ती केसपेपर काढायच्या रांगेत उभी असताना डॉक्टरांनी आईला विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का, आयुर्वेदिक, काढा वगैरे? आईने मनापासून उत्तर दिलं, "न्हाई वो. काय बी न्हाई." हे गौतमीला फार उशिरा समजलं; आईने रसाचं सांगितलं असेल असंच ती धरून चालली होती.

रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. हृदयाचे ठोके मंदावले होते. मशीनच्या पडद्यावरच्या रेघेकडे बघत तरुण डॉक्टरीण म्हणाली, "वेळेत आणलंत." सलाइनमधून इंजेक्शनं गेली आणि संध्याकाळपर्यंत आबांच्या मुठीत जोर आला. त्यांनी गौतमीची बोटं दाबून दाखवली. दुसऱ्या दिवशी ते चहा मागू लागले, पाणी कोण सोडतंय याची चौकशी करू लागले. "पंचायतीचा शिपाई? आरं देवा. खालची आळी वाळली असंल."

आणि मग पोटॅशियम पुन्हा चढलं.

डॉक्टरीण रिपोर्ट उलटसुलट करून बघत होती. जेवण दवाखान्याचंच आहे ना? हो. बाहेरचं काही? नाही, आईने सांगितलं. गौतमी रेघेकडे बघत बसली. रेघेचे उंचवटे रुंद होत चालले होते. ते चांगलं नाही एवढंच तिला सांगितलं होतं. नर्स बाहेर गेली की ती खुर्ची पुढे ओढायची. ती आबांच्या छातीकडे बघायची, ती हलतेय ना. मग रेघेकडे. मग पुन्हा छातीकडे.

सकाळी त्यांच्या अंगावरची चादर नीट करायला ती वाकली आणि थांबली. आबांच्या तोंडाला वास येत होता. कुजक्या फळांच्या पाटीचा.

आई खाली चहा आणायला गेली होती. गौतमीने खाटेखालची पिशवी ओढली. टॉवेलात बाटली गुंडाळलेली होती. तिच्यासोबत स्टीलचा छोटा पेला, स्वच्छ विसळलेला.

"आबा, आई हे इथं देते तुम्हाला?"

आबांनी डोळे उघडले. "कोर्सात खंड पडू न्हाई म्हनती."

"तुम्हाला त्रास होतोय ना याने?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. "मानवत न्हाई, ते मला कवाचंच कळलंय. प्यालं की हातपाय मेणावानी हुत्यात."

"मग प्यायलात कशाला?"

"ती हातानं देती गं. माज्यापायी नुसत्या भाकरीवर मीठ न घालता जेवती. तिला नको कसं म्हनू?" त्यांनी तिचं मनगट धरायचा प्रयत्न केला. बोटं नुसतीच टेकली. "तिला बोलू नको काय. आपल्या हातनं झालं म्हनून मरंल ती."

डॉक्टरिणीने बाटली उजेडात धरली. मावशीच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: किडनीचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

"याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत," ती हळू आवाजात म्हणाली. "किडन्या मुळात कमजोर, त्यात बीपीची गोळी. पण या रसात पोटॅशियम असतं, आणि यांच्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. धडधाकट माणसाला कदाचित काही होणारही नाही."

डायलिसिसची तयारी सुरू झाली. आई चहा घेऊन वर आली तेव्हा गौतमी एवढंच म्हणाली, "बाटली मी टाकून दिली. डॉक्टर नको म्हणाले."

आईने चहा खाली ठेवला. "टाकून दिली? आता कुटं लागू पडत हुतं. तू मधीच खंड पाडलास?"

गौतमी रिकामी पिशवी खाटेखाली सारत राहिली. आबा तिच्याकडे बघत होते.

दुपारी खाट हलवण्याआधीच रेघ वेडीवाकडी झाली. डॉक्टर, नर्स, पडदा. आई भिंतीशी पदर तोंडात धरून उभी. पडदा बाजूला झाला तेव्हा डॉक्टरिणीने मान हलवली. "औषधं लागू पडली नाहीत," ती म्हणाली.

आईने गौतमीकडे पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती गौतमीकडे सरळ बघत नव्हती.

विहारातली माणसं आली, वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पंचायतीने आबांच्या नावाचा फलक लावला. शाळेतून रजा वाढवून गौतमी आईजवळ राहिली. आई तिला जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण नजर दुसरीकडे. मावशी आली की दोघी हळू आवाजात बोलायच्या, आणि "खंड पडला" एवढेच शब्द माजघरातून बाहेर यायचे. गौतमीला ते सोसवत होतं. आईने आपल्याला दोषी धरावं, स्वतःला धरू नये, एवढंच तिला हवं होतं. आबांना तिने तसा शब्दही दिला होता, न बोलता.

एका सकाळी गोजराबाई हंडा घेऊन आली आणि उंबऱ्यावर टेकली. नळाला पाणी यायची वाट बघायची ही तिची जुनी जागा. मावशी आत भाजी निवडत होती. गोजराबाईने लुगडं जरा वर करून पाय दाखवले. घोट्याशी बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"माजं बी डाक्टर तेच म्हनतोय. किडनी का काय ते. चंद्रे, तुज्याकडं न फोडलेली बाटली हाय म्हनं. वाया जान्यापरीस मला दे की."

आई उठली. फळीवरच्या डब्यामागून तिने बाटली काढली. गौतमीला या दुसऱ्या बाटलीचा पत्ताच नव्हता.

"ने आक्का. रोज न चुकता घे. ह्यास्नी लागू पडत हुतं. मधी खंड पडला न्हवं..."

गोजराबाईने हात पुढे केला. आबांची बोटं मनगटावर टेकलेली तिला जाणवली. तिला दोन घरं दिसत होती, गोजराबाईचं आणि आपलं, आणि त्यातलं आपलं तिला आता बोलून मोडायचं होतं.

"आक्का, नका नेऊ." तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिने आईच्या हातातून बाटली घेतली आणि स्टिकर ओढून काढलं. मावशीचा फोटो अर्धा फाटून आला. खालची ओळ तिने मराठीतून वाचली. मग दवाखान्यात काय सांगितलं ते सांगितलं, कमीजास्त न करता. धडधाकट माणसाला काही होणार नाही कदाचित, हेही.

मावशी निवडलेल्या भाजीत हात तसाच ठेवून बसली होती. "मला कुटं इंग्रजी येतंय गं," ती पुटपुटली. "जागा मोकळी दिसली म्हनून तितं चिकटवायचे. समद्या बाटल्यांना." ती गावांची नावं घ्यायला लागली, घोटावडे, मुकाईवाडी, भरे, आणि मधेच थांबली.

गोजराबाई आवाज न करता उठून निघून गेली. हंडा तिथेच राहिला.

आई उभी होती. आज तिने गौतमीकडे सरळ पाहिलं.

"ह्यास्नी ठावं हुतं?"

"काय?"

"रस बाधतोय ते. ह्यास्नी कळलं हुतं का?"

"नाही," गौतमी म्हणाली. "शेवटपर्यंत नाही कळलं."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

नळ फुसफुसला, दोनदा खाकरला आणि धार आली. नवा माणूस आता वेळेवर पाणी सोडायला लागला होता. आईने गोजराबाईचा हंडा उचलून तोटीखाली ठेवला आणि शेजारी बसली. हंडा भरला. काठावरून पाणी ओट्यावर, ओट्यावरून बोळात वाहायला लागलं. या घरात पाण्याचा थेंब सांडलेला आबांना खपत नसे. गौतमी पुढे झाली, तशी आईने तिला हाताने थांबवलं.

मग तिने स्वतःच तोटी बंद केली. एक थेंब टपकत राहिला. दोन्ही हातांनी तिने तोटी आणखी आवळली.