चालवत आणू नका

"चालवत आणायची न्हाई, शेठ. ढकलत आणायची. ध्यानात आलं का?"

शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किशनराव मिस्त्री हेच पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मुरुडचे भांडीवाले ईश्वरप्पा नुसती मान डोलवत होते. नजर त्यांची खाली फरशीवर खिळली होती. तिथं एका स्कूटरचा पुढचा दांडा पडला होता, हँडलपासून चाकापर्यंत जातो तो. चाकाच्या जरा वर, जोडापाशी, साफ मोडलेला.

"ही कुणाची?"

"औश्याकडल्या एका मास्तराची. खड्ड्यात चाक गेलं, दांडा तुटला. चाक एकीकडं अन् मास्तर एकीकडं. बायको मागं बसलेली."

"मग?"

किशनरावानं हातातलं फडकं झटकलं. "मास्तर वाचला," एवढंच तो म्हणाला.

ईश्वरप्पांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. बाहेर लातूरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

"कंपनीनं ती सगळी खेपच परत बोलावली हाय," किशनराव सांगत राहिला. "नंबर जुळला की गाडी स्टँडला लावायची, चावी काढून घ्यायची अन् आमाला कळवायचं. फुकटात नवा दांडा घालून देतो आमी. तवर मागं माणूस बसवायचं न्हाई अन् पुढं वज्जं ठिवायचं न्हाई. पण लोक ऐकतेत कुठं! इतकी वर्षं वाट बघून मिळालेली गाडी, कंपनी ठिवून घील म्हणून लपवून ठिवून राहिले. एकानं तर गोठ्यात नेऊन घातली. बैलं छावणीला गेलेत, जागा रिकामीच हाय. तुमची कुठं हाय?"

"जावयाकडं. इथंच, लातुरात."

"चालू हाय?"

"रोज."

"मग बसलाव कशाला? चला, मी येतो संगट. मी बोलतो त्यांच्याशी."

"नको, नको." ईश्वरप्पा घाईनं उठले. "घरचं हाय. मी सांगतो."

घरचं होतं, तीच तर पंचाईत होती! बुकिंग ईश्वरप्पांच्या नावावर, म्हणून शोरूमला येऊन भेटा असं कंपनीचं कार्ड मुरुडला आलं. गाडी मात्र लेकीच्या लग्नात बोललेली. रत्नम्माचं लग्न झालं तेव्हा नंबरच लागला नव्हता. नंबर लागेपर्यंत पुरतं वर्ष गेलं आणि त्या वर्षात विहीणबाईंनी, म्हणजे बसम्मानं, पोरीला काय काय ऐकवलं ते ऐकवलं. "गाडी येतीय म्हणं. मुरुडाहून बैल जुंपून येतीय का?" असं ती भरल्या घरात म्हणायची आणि पाहुणे हसायचे. रत्ना माहेरी आली की ते सांगायची नाही, पण जेवताना मान खाली घालून बसायची आणि बापाला घास गोड लागायचा नाही. बसम्मा काही वाईट बाई नव्हती हो. कुणाच्या आजारपणाला रात्र रात्र बसेल अशी. पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोर पाटील असो की पुजारी, ती कुणाची भीड ठेवायची नाही. दुकानात आठवडी बाजाराच्या दिवशी घासाघीस करणाऱ्या बायांना पुरून उरणारे आपले ईश्वरप्पा, या एका बाईपुढं मात्र त्यांची वाचा बसायची.

रस्त्यानं जाताना ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अक्का, गाडीत जरा खोट निघाली... नको. खोट म्हटलं की बाई गाडीवरून मुरुडच्या सगळ्या घराण्यावर येणार. अक्का, गाडी थोडी दुरुस्तीला न्यायचीय... नव्या गाडीला कसली दुरुस्ती? लातूरचा जिल्हा झाला होता, जागोजागी नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या आणि त्या पाट्यांखालून बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकर शोधत चालल्या होत्या. ईश्वरप्पांना त्यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो फरशीवर पडलेला दांडा. आणि रत्नाला पाचवा महिना होता.

"शरणार्थ, अण्णा! या, या. आवं, एवढ्या उन्हाचं?" बसम्मानं ओसरीवर चटई टाकली. पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत त्या उन्हाळ्यात सगळ्या लातुरानं गुंडाळून ठेवली होती, त्यामुळं ते कुणी विचारलं नाही. प्यायचं पाणी ईश्वरप्पा इथं घेत नसतच. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांच्या घरात आजा-पणजापासून चालत आलेलं. घसा मात्र कोरडा पडला होता.

रत्ना आतून आली, बापाच्या पाया पडली. चेहरा भरला होता, हातात हिरव्या बांगड्या. "अप्पा, आईचे गुडघे कसे हायेत?" तिनं विचारलं. "बरे हायेत," म्हणेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली.

जावई, रेवणसिद्ध, दुपारच्या जेवणाला येत होता. नव्या कलेक्टर कचेरीत टँकरच्या कामावर होता तो. गावोगावी कोणत्या विहिरीत काय शिल्लक आहे हे बघत गाडीवर हिंडायचा. येताना घरासाठी पाणी आणायचा. पुढं पायाशी पाण्यानं गच्च भरलेले दोन कॅन. गल्लीत नळाच्या खड्ड्यावर चाक दाणकन आदळलं आणि ईश्वरप्पांनी चटई मुठीत आवळली. गाडी आली, थांबली, उभी राहिली. ते चाकाकडं बघत राहिले.

"काय बघताव, अण्णा?" बसम्मा हसली. "खरं सांगू? आदी मी लई बोलले, तुमाला ठावं हाय. पण गाडी मातूर झकास दिलाव. ह्या दुष्काळात ह्या गाडीनंच पाणी पाजलं आमाला. गल्लीत कुणाच्या दारात न्हाई असली. मी समद्यांस्नी सांगून राहिले, आमच्या अण्णानं दिली म्हणून."

आता घ्या! दोन वर्षांत या तोंडातून पहिला गोड शब्द निघाला, तो नेमका आज. ओठावर आलेलं सगळं ईश्वरप्पांनी आवंढ्याबरोबर गिळून टाकलं. आणि त्या जागी भलतंच काही बाहेर पडलं.

"अक्का, एक राहून गेलंय. गाडी आली की सिद्धेश्वराला नेऊन पूजा करीन, असं बोललो होतो मी. ढकलत नेईन म्हनलो होतो. पायी. तर गाडी दोन दिवस द्या. मी नेतो, आणून सोडतो."

म्हणताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. कसं सुचलं! गाडी ढकलत न्यायची ती थेट किशनरावाच्या शेडमध्ये. नवा दांडा घालून, हळद-कुंकू, विभूती लावून परत आणायची. कुणाला कळायचं नाही, कुणी बोलायचं नाही.

पण बसम्माचा चेहरा उतरला होता. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "देवाचं राहिलंय? अन् आज सांगताव? पोटात लेकरू हाय पोरीच्या!"

"राहिलं खरं. म्हणून तर मी आताच..."

"तुमी कशाला? गाडी आता जोडप्याची हाय. जोडप्यानंच जायला पाहिजे. आज सोमवारच हाय. रेवण, जेवण मागनं. ऊठ. रत्ने, लुगडं बदल. नारळ घे तो."

"अक्का, ढकलत..."

"पाचव्या महिन्याची पोर ह्या उन्हात पायी जाईल व्हय? देवळापतूर गाडीवर बसून जातील. पायरीपासनं ढकल म्हणावं. देवाला चालतंय."

"उद्या नेऊ. ऊन उतरल्यावर."

"देवाचं काम उद्यावर? अन् तवर काय झालं म्हंजे?"

रेवणसिद्ध हसत हसत उठला. "चला मामा, आईचा हुकूम. तसंही मला कचेरीत जायचंच हाय." त्यानं कॅन उतरवले. रत्ना नवं पातळ नेसून, कपाळाला विभूती लावून आली. मागच्या सीटवर एका अंगाला बसली, नारळ मांडीत घेतला, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

बोला की ईश्वरप्पा! आता नाही तर कधी? एक वाक्य होतं हो, लहान पोरालासुद्धा बोलता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर बसम्मा उभी होती, पदर सावरत, प्रसन्न तोंडानं. त्यांनी ते पुन्हा मिटलं. रेवणसिद्धानं किक मारली. गाडी एकाच किकेला सुरू झाली, गल्लीतून निघाली आणि नळाच्या खड्ड्यावरून गचका खाऊन पुढं गेली. रत्नाच्या बांगड्या वाजल्या.

ईश्वरप्पा कसे उठले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. चपला ओसरीच्या खालीच राहिल्या. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, डोक्यावरचा रुमाल कधी पडावा असं ज्यानं आयुष्यात होऊ दिलं नाही तो माणूस उघड्या डोक्यानं आणि अनवाणी पायांनी भर दुपारी रस्त्यानं पळत सुटला. "रत्ने! ए रत्ने! थांब!" गाडीच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? डांबर तापून मऊ झालं होतं, तळव्यांना चिकटत होतं. पुढं खड्डा दिसला की त्यांचा श्वास अडकायचा, गाडी तो पार करून गेली की सुटायचा. मास्तर वाचला. मास्तर वाचला. डोक्यात तेवढंच चाललं होतं. गाडी वळणाआड गेली आणि त्यांना वाटलं, संपलं सगळं.

वळणापलीकडं टँकर उभा होता. रस्ताभर घागरी, हंडे, डबे आणि शंभर बायकांचं भांडण. रेवणसिद्ध एक पाय टेकून वाट मिळायची वाट बघत होता. ईश्वरप्पांनी येऊन हँडलच धरलं, दोन्ही हातांनी.

"उतर. रत्ने, खाली उतर."

"अप्पा! काय झालं? तुमच्या चपला..."

"उतर म्हनलं ना!" असा आवाज रत्नानं त्यांचा कधी ऐकला नव्हता. ती उतरली. तेव्हा कुठं त्यांनी हँडल सोडलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. "दांडा तुटतोय हिचा, जावईबापू. जोड कच्चा हाय. कंपनीनं परत बोलावलीय. औश्याच्या मास्तराची बायको गेली. नवस न्हाई, काय न्हाई. खोटं बोललो मी."

बायकांचं भांडण थांबलं होतं. मागं बसम्मा धापा टाकत उभी होती. पाहुणा अनवाणी पळाला म्हणून तीही पळाली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता पट्टा सुटणार, म्हणून ईश्वरप्पांनी मान खाली घातली. सुटू दे, त्यांना वाटलं, हवं तेवढं बोलू दे.

बसम्मानं रत्नाच्या हातातला नारळ काढून घेतला. मग हळू आवाजात विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"सकाळी. शोरूमात."

"म्हंजे माझ्या ओसरीवर आलाव तवा ठावं हुतं?"

"व्हय."

"अन् माझ्या म्होरं हिला गाडीवर बसू दिलाव." तिनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "माझ्या तोंडाला एवढं भ्यालाव व्हय, अण्णा? लेकीपरीस?"

रत्ना नवऱ्याच्या बाजूला सरकली आणि तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

गाडी रेवणसिद्धानं आणि ईश्वरप्पांनी ढकलत शोरूमला नेली. एकानं हँडल धरलं, एकानं मागून जोर लावला. किशनरावानं नंबर बघितला, पुढचं चाक काढलं, फडक्यानं जोड पुसला आणि बोटानं दाखवलं. केसाएवढी चीर होती. "आज तुटला असता का आणखी चार महिन्यांनी, कोण सांगावं," तो म्हणाला. "आणलाव ते बरं केलाव. आठ दिवसांनी न्या." मग त्याचं लक्ष ईश्वरप्पांच्या पायांकडं गेलं आणि त्यानं बसायला स्टूल पुढं सरकवलं.

परत चालत यावं लागलं. चपला बसम्माच्या ओसरीखालीच होत्या. ईश्वरप्पांना आत जायचं नव्हतं. चपला घालायच्या आणि मुरुडची एसटी धरायची. ते ओसरीच्या पायरीवर टेकले आणि तळवे बघितले. मोठाले फोड आले होते, एक फुटला होता.

बसम्मा तांब्या घेऊन बाहेर आली. दुपारी आणलेल्या कॅनमधलंच पाणी होतं.

"नको, अक्का. मी इथं..."

"प्यायचं न्हाई, ठावं हाय मला. पाय फुडं करा."

"आवं, पाणी कशाला वाया..."

"करा म्हनलं ना."

त्यांनी पाय पुढं केले. बसम्मानं खाली बसून धार धरली, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर, फोडांना लागू नये म्हणून अगदी सावकाश. सगळा तांब्या तिनं रिकामा केला. ईश्वरप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

एरवी बापाचे पाय पुसायला रत्ना पंचा घेऊन धावत यायची. आज ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ईश्वरप्पांनी वर बघितलं. ती अंगणात, गाडी उभी राहायची तिथं पडलेल्या तेलाच्या डागाकडं बघत होती.

"रत्ने," त्यांनी हाक मारली.

ती आत गेली.

पाणी पायरीवरून ओघळून खाली मातीत जिरलं. पाय वाळेपर्यंत ईश्वरप्पा तिथंच बसून राहिले.