घोडीची पाळी

घड्याळजींनी चिमट्याने घोडीची सोंगटी उचलली आणि पुलाच्या अलीकडच्या चौकोनात ठेवली. पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्या बाइंडरने तिच्या पाठीवर आपला स्वार बसवला. पुलाच्या पलीकडे सहा भालेकरी रांगेत उभे होते.

"वहिनींनी फासा टाकायचा ना?" बाइंडरच्या बायकोकडे बघत घड्याळजींनी त्याला हळूच विचारलं.

घड्याळांच्या दुकानामागच्या या खोलीत बारा वर्षं, दर सुट्टीच्या दुपारी, ही चौघं हा खेळ खेळत आली होती. खेळ चालवायचे घड्याळजी. त्यांची मुलगी धनुर्धर, बाइंडर स्वार, आणि त्याची बायको घोडी. ती भूमिका तिने पहिल्याच दिवशी मागून घेतली होती. या खेळात घोडं दोन तऱ्हेचं असतं. शिकवलेलं घोडं स्वाराच्याच पाळीत, स्वार नेईल तिकडे जातं. स्वतंत्र घोड्याला स्वतःची पाळी असते. स्वार पाठीवर असला तरी ते आपल्या मनाचं करतं. मी स्वतंत्रच राहणार, हाकून घ्यायला घर आहेच, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि घड्याळजी ठसका लागेपर्यंत हसले होते.

गेल्या वर्षापासून तिला विसर पडू लागला होता. फासा हातात धरून ती बसून राही. मागच्या खेपेला तिच्या एका पाळीवर लढाई वीस मिनिटं अडली. कोणी चकार शब्द काढला नाही, तेच बाइंडरला जास्त लागलं.

"नको," तो आता म्हणाला. "घोडी शिकवलेली धरू. मीच हलवतो. तिला उगाच त्रास."

घड्याळजींनी घोडीची माहिती लिहिलेल्या कागदावरची तिच्या स्वतंत्र पाळीची ओळ खोडरबराने पुसली. पुसायला त्यांना जरा वेळच लागला. बायको खिडकीकडे बघत होती. मुलीने चहाचं आधण ठेवलं आणि काकूंना साखर किती म्हणून विचारलं. एकच चमचा, बाइंडरने सांगून टाकलं.

त्याने चौकोन मोजले. सरळ दौडत गेलं तर स्वाराच्या भाल्याचा वार दुप्पट बसणार होता. पण पलीकडच्यांनी आपले भाले टोकं पुढे करून जमिनीत रोवून ठेवले होते, आणि घड्याळजींनी त्याला ते बजावलं.

"पहिला घाव घोडी खाईल."

"खाऊ दे. तिच्यात अजून जीव आहे."

तो सोंगटीकडे हात नेणार, तोच बायकोचा हात पुढे आला. तिने स्वारासकट घोडी उचलली, मागे आणली आणि नदीकाठच्या झाडाखाली ठेवली.

"काकू, आत्ता काकांची..." मुलगी म्हणाली आणि थांबली.

"मी नाही जाणार तिकडे," बायको म्हणाली. आवाज चढवून नाही. बाजारातून येताना पिशवी खाली ठेवावी, तशी.

शिकवलेल्या घोडीला असं करता येत नाही. घड्याळजी नियमांचे पक्के, पण तेही चिमटा पुसत बसले. बाइंडरने घोडीचा कागद ओढून घेतला. त्याचा एक कोपरा दुमडला होता. जन्मभराच्या सवयीने त्याने तो अंगठ्याने सपाट केला, पुन्हा केला.

"घोडी न सांगता वळली, तर स्वाराला किती लागतात?"

"दहा. कमी पडले तर तो खाली."

त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. चार. त्याने स्वार काढून घोडीच्या पायाशी आडवा ठेवला.

"पडलात ना?" बायको म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती, नीट, कित्येक दिवसांनी.

"पडलो."

मग त्याने पेन्सिल घेऊन पुसलेली ओळ पुन्हा लिहिली आणि कागद घड्याळजींकडे सरकवला.

"माझी पाळी हिच्यानंतर लाव."

मुलगी चहा घेऊन आली. तिने काकूंसमोर कप ठेवला, साखरेचं भांडं उघडलं आणि पुन्हा विचारलं, "काकू, साखर किती?"

बाइंडरचं तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटलं. मुलीने चमचा हातात तसाच धरला. पुढच्या दुकानातली सगळी घड्याळं ऐकू येऊ लागली. कपातल्या चहावर साय धरत होती. त्याने फासा उचलून मुठीत घेतला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत तो थांबला.