ठेचूचं खरं चित्र

त्याला सगळे ठेचू म्हणत. बँकेतले सहकारी, शेजारीपाजारी, कधीकधी बायकोसुद्धा. नवीन माणूस भेटला की तोच आधी हात पुढे करायचा, "मी ठेचू. हो, कॉमिकमधला तोच!" समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग जरा जास्तच मोठ्याने हसायचा. त्याला ते आवडायचं.

तो जन्मापासून आंधळा. 'कप्तान आणि ठेचू' हे कॉमिक त्याच्या लहानपणी घरोघरी वाचलं जायचं, आणि त्याच्या घरी ते ताई वाचून दाखवायची. चित्रात काय आहे ते सांगायची, माणसांचे आवाज काढायची, तोंडाने तोफा उडवायची. तिच्या सांगण्यातला ठेचू अंगाने किरकोळ, पण डोक्याने वस्तरा. कप्तान कुठेही अडकला की सोडवायला ठेचूच. गुंडांना ठेचतो म्हणून ठेचू, असं ताईने सांगितलं होतं.

हे कॉमिक अंधांनाही वाचता यावं म्हणून त्याने प्रकाशकांना फोन करकरून भंडावून सोडलं होतं. प्रत्येक चौकटीचं बोलून केलेलं वर्णन, पात्रांना नटांचे आवाज, आणि सोबत काही पानं फुगीर रेघांची, बोटांनी पाहता येतील अशी. शेवटी संपादक म्हणाले, "बरं बाबा, करतो. पण पहिला अंक तुम्ही तपासून द्यायचा." त्याला आकाश ठेंगणं झालं.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. भिंतींना फोम लावलेला, त्यामुळे बोललेला शब्द तोंडातून निघताच विरून जायचा. वर्णन लिहिणाऱ्या मुलीने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.

"चौकट पहिली," निवेदक सांगू लागला. "जहाजाचा डेक. डावीकडून ठेचू येतोय. डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हात पुढे पसरलेले, जीभ बाहेर. वाटेत बादली आहे. ठेचूला ती दिसत नाही. चौकट दुसरी."

धडाम! पाणी सांडल्याचा आवाज.

"ठेचू उताणा पडलाय. बादली डोक्यात अडकलीय. खलाशी पोट धरून हसतायत."

मग कप्तानाचा भरदार आवाज आला, "काय रे आंधळ्या, पुन्हा ठेचकाळलास? ठेचू नाव उगीच नाही ठेवलं तुझं!"

त्याने हेडफोन काढले. "चुकीची फाइल लागलीय."

"नाही, अंक पहिला. हीच," मुलगी म्हणाली.

"अहो, हा ठेचू नाही. ठेचू डोलकाठीवर चढून लांबची जहाजं ओळखतो. ठेचूला तर..." तो थांबला. "ठेचू आंधळा आहे?"

मागे बसलेल्या संपादकांची खुर्ची करकरली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मुलीचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्ही स्वतःला ठेचू म्हणवता ना... मी तर घरी सगळ्यांना सांगितलं, काय माणूस आहे, स्वतःवर किती मोकळेपणी हसतो."

त्याने फुगीर रेघांचं पान मागितलं. बोटं हळूहळू फिरली. बटाट्यासारखं नाक. डोक्यावर भलंमोठं टेंगूळ. भोवती वाकड्यातिकड्या गोलाकार रेघा, आणि त्यांच्या आत दातेरी ओळी.

"हे काय आहे?"

"तोंडं. खलाशांची. हसतायत."

"एवढी?"

"हो."

शाळेच्या मैदानावर पोरं ओरडायची, 'ठेचू आला रे, ठेचू आला!' आणि तो मूठ वर करून त्यांच्या दिशेने धावायचा. लग्नात मित्राने माइकवर म्हटलं होतं, 'आमच्या ठेचूला अखेर कोणीतरी सांभाळणारी मिळाली,' आणि सगळा हॉल हसला होता. तोही हसला होता. बँकेत वाढदिवसाच्या केकवर तेच नाव. जिथेजिथे हसणं ऐकू आलं होतं, ते एकेक हसणं त्याच्या कानात परत वाजायला लागलं, आणि एकही पूर्वीसारखं वाजेना.

ताई त्याला न्यायला आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. त्याला पाय लावायचा नाही, असा तिचा कडक नियम. गल्लीच्या वळणावर गाडी मंदावली तेव्हा त्याने तो ब्रेक सगळ्या ताकदीने दाबला.

गाडी गचकन थांबली. मागून हॉर्न वाजू लागले.

"वेड लागलं का तुला?"

"ठेचू आंधळा आहे, ताई?"

तिने इंजिन बंद केलं. हॉर्न वाजतच राहिले.

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं? साऱ्या जगाला माहितीय! मी सोडून!"

"तू इवलासा होतास रे," ती म्हणाली. "पहिला अंक घरी आला, मी पान उघडलं, आणि तू विचारलंस, ठेचू कसा दिसतो? माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. मग मनात आलं ते बोलून गेले. आणि एकदा बोलल्यावर दर अंकाला नवीन रचणं आलं."

"आणि शाळेतली पोरं?"

"एकाचं नाक फोडलं होतं मी. आईचा मार खाल्ला त्यापायी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घरी नाचत आलास. म्हणालास, ताई, मला सगळे ठेचू म्हणतात! काय सांगणार होते तुला?"

"मोठा झालो तेव्हा सांगायचंस. मी लोकांना हात पुढे करून सांगत सुटलो, ताई! माझ्याच तोंडाने!"

तो उतरला, काठी उघडली आणि बसने घरी गेला. घरी बायकोला विचारलं, तुलाही माहीत होतं का, तर ती चकित झाली. "मला वाटायचं, लोकांनी चिडवण्याआधी तूच बोलून मोकळा होतोस." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दोन-चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. आवाजात साखर होती. "आम्ही विचार केला. काळा चष्मा गाळतो. नुसतं 'ठेचू पडतो' एवढंच ठेवू. उगीच कोणाचं मन कशाला दुखवा?"

त्याला दुसरा धक्का बसला, पुन्हा तीच लपवाछपवी. ताई तरी तेव्हा फ्रॉकमधली पोर होती!

"एक रेघ गाळायची नाही," तो म्हणाला. "जीभ, टेंगूळ, बादली, सगळं. किती जण हसतायत, कोण बोट दाखवतोय, तेही. ज्यांना दिसतं त्यांनी इतकी वर्षं हेच पाहिलं ना? मग आम्हालाही कळू दे, काय पाहत होता ते."

मग ताई कसा वेगळाच ठेचू रचून सांगायची, तेही त्याने सांगून टाकलं. "ठीक आहे," संपादक शेवटी म्हणाले. मग घुटमळत, "पण तुमच्या ताईच्या गोष्टी... त्याही रेकॉर्ड करायच्या का? वेगळ्या?"

कल्पना त्याला पटली. राग होताच, तरी त्याने ताईला फोन लावला.

"अरे," ती ओशाळून म्हणाली, "मला त्यातली एकही आठवत नाही."

"एकही?"

"सुचेल ते बोलायचे. अंक मिटला की विसरून जायचे."

तो थक्क झाला. आपल्याला जे पाठ आहे ते तिच्यापाशीही असणार, असंच तो धरून चालला होता. "गंधकाची गुहा? मगरीच्या पोटातली तोफ?"

"हे मी सांगितलं होतं?" ताईला हसू फुटलं. "मगरीच्या पोटात तोफ गेली कशी?"

"फोनवर नाही सांगणार. अजून राग गेलेला नाही माझा."

"मग येते."

ती संध्याकाळी आली आणि चपला काढून निमूटपणे त्याच्यासमोर बसली. त्याने तिला बरंच ताटकळत ठेवलं. मग घसा साफ केला.

"तोफ आधी होडीत होती," तो म्हणाला. "मगर नंतर आली."