टीसी मोकळा झाला

टीसीला अण्णांशिवाय कुणी हात लावू शकत नसे. ज्यांनी लावायचा प्रयत्न केला त्यांच्या हातावर त्याची पावती होती. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, डहाणू रोडला पॉइंट्समन होते. हा बोका उंबऱ्यात बसून आल्यागेल्याला अडवायचा, म्हणून त्यांनीच त्याचं नाव टीसी ठेवलं. दूधवाल्याला तो चावला होता, अण्णांच्या पोटच्या पोराला, विपुललाही चावला होता. सून लतिकावर तर त्याचा खास राग. बोर्डीच्या शाळेत वर्गभर पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी ही बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात बोक्याला वळसा घालून जायची.

"बोका आहे की सासू?" असं ती चिडून म्हणायची आणि अण्णा हसायचे. खरी सासू गेल्यापासून अण्णा हसायचे ते एवढ्यापुरतंच. बोलायचे तेही टीसीशीच. मुलगा-सुनेशी ते कामापुरतं बोलत. मोटर लाव, गॅस आला का, एवढंच. टीसीशी मात्र सकाळच्या पेपरापासून सगळं. लतिकाला याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. माणूस कुणाशी तरी बोलतोय हे काय कमी होतं?

त्या हिवाळ्यात तलासरीपासून डहाणूपर्यंत जमीन हलत होती. भांडी खणखणली की लोक जीव मुठीत धरून बाहेर पळत. आळीतल्या सगळ्यांनी अंगणात खाटा टाकल्या होत्या. टीसी उलटा आत पळाला. एका मोठ्या धक्क्याला तो कपाटाखाली शिरला आणि तिथेच राहिला. बाहेर यायचा तो फक्त वाळूच्या घमेल्यात बसायला. बसायचा, कुंथायचा, काही व्हायचं नाही. दोन पावलं जाऊन पुन्हा यायचा, पुन्हा बसायचा. मग ओरडायला लागला. त्याचं ते ओरडणं ऐकून शेजारच्या लेकराने कान झाकून घेतले.

"लघवी अडलीये त्याची," अण्णा म्हणाले.

त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी त्यांची स्वतःची अडली होती. पोट टम्म फुगलेलं, आणि विपुलचा हात धरून हा करडा माणूस आईच्या नावाने रडला होता. दवाखान्यात एका नर्सने नळी घातली आणि पिशवी भरली. तेव्हापासून घरात 'मोकळं होणं' या शब्दाला मान आला. सकाळी चहाच्या आधी लतिका विचारायची, "अण्णा, झालं का मोकळं?" आणि अण्णा लाजत मान हलवायचे. सासरा-सुनेत याहून जवळिकीचं बोलणं दुसरं नव्हतं.

रविवार होता. विपुल ड्युटीवर. गावातला गुरांचा सरकारी दवाखाना सुट्टीमुळे बंद. वापीला कुत्र्या-मांजरांचा एक डॉक्टर होता, तिथे फोन लावला तर बाई म्हणाली, "साहेब बहारगाम गया छे, काले आवजो." उद्यापर्यंत हा टिकत नाही, हे अण्णांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. शेवटी रिक्षावाल्या मिथुननेच सुचवलं, "कासाच्या पुढे सायवन रोडला धुमाळ डॉक्टर हायेत ना. खासगी बघतात. बैल, बकऱ्या, कोंबड्या, सगला बघतात."

बोक्याला पकडायचं काम लतिकाने केलं. जुनी मच्छरदाणी टाकून त्याला गुंडाळला, एका चिकूच्या क्रेटमध्ये घातला, वरून दुसरा क्रेट पालथा घातला आणि दोन्ही सुतळीने करकचून बांधले. एवढ्यात तिचं मनगट रक्तबंबाळ झालं. अण्णांचे गुडघे त्यांना रिक्षात बसू देत नव्हते. क्रेटच्या फटीतून बोट आत घालून ते म्हणाले, "जा बाबा. मोकळा होऊन ये." त्या बोटाला टीसी चावला नाही.

सगळ्या वाटेत तो ओरडत होता. चारोटी नाक्याला ओरडणं थांबलं, आणि ते लतिकाला जास्त वाईट वाटलं.

डॉक्टर धुमाळ मूळचे लातूरकडचे, पण त्यांची उमेदीची वर्षं इकडच्या पाड्यांवर गेलेली. घराच्या पडवीत एक टेबल आणि एक कपाट, हाच दवाखाना. बाहेर पायरीवर एक बाई बसली होती, हातात नुसतं दावं. डॉक्टर तिला म्हणाले, "नवशीबाई, जा आता घरी. बसून काय होणार?" ती उठली नाही. तिच्या बकरीवर पहाटे भिंत पडली होती, असं मिथुनने लतिकाच्या कानात सांगितलं. बकरी कुठे आहे, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिचा जीव क्रेटमध्ये अडकलेला.

डॉक्टरांनी मच्छरदाणीतूनच पोट चाचपलं. टीसीने फिसकारायचा प्रयत्न केला, नुसता श्वास बाहेर आला.

"दगडासारखं झालंय. अंग गार पडलंय. फार उशीर केलात, बाई. विष भिनलंय अंगात."

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. लतिकाने स्पीकर लावून डॉक्टरांसमोर धरला.

"डॉक्टर, मी अण्णा बोलतोय. फार हाल चाललेत हो त्याचे. बघवत नाही. तुम्ही त्याला मोकळा करा."

डॉक्टर फोनकडे वाकले. "विचार करून सांगताय ना, अण्णा?"

"त्यात विचार काय करायचा? मी भोगलंय हे. मोकळं झालं की जीव कसा शांत होतो, मला ठाऊक आहे. करा तुम्ही."

डॉक्टरांनी लतिकाकडे पाहिलं. "तुमचीही हरकत नाही ना?"

"हरकत कसली? त्यासाठीच तर एवढ्या लांब आणलाय."

डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं. हळूहळू टीसीचं अंग सैल पडलं. लतिकाने मच्छरदाणी सोडवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कानामागे मऊ होता, अगदी लहान पिल्लासारखा. तिला एकदम भरून आलं. अण्णा इथेच खाजवत असणार याला. घरी गेल्यावर सांगायचं, तुमच्या टीसीने मला हात लावू दिला म्हणून. ती त्याच्या कानाशी वाकली. "झोप हं. आता नळी घालतील, मग बरं वाटेल."

ती हे इतकं हळू बोलली की कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. ते वळले, दुसरं इंजेक्शन दिलं, छातीवर बोटं ठेवून थांबले आणि मग हात धुवायला गेले.

"झालं," ते म्हणाले. "काही कळलं नाही त्याला."

लतिकाने टेबलाकडे पाहिलं. टेबल कोरडं होतं. "मग लघवी कुठे झाली?"

"कसली लघवी?"

"तुम्ही मोकळं केलंत ना?"

डॉक्टरांचा हात नळाखाली तसाच राहिला. पाणी वाहत होतं. त्यांनी नळ बंद केला.

"बाई, इकडे... जनावर वाचण्यातलं नसलं की कायमचं झोपवा म्हणण्याऐवजी पाड्यांवरचे लोक असंच म्हणतात. मोकलं करा. आज सकाळीच..." त्यांनी पायरीकडे हात केला. नवशीबाई दावं घेऊन अजून बसली होती. "मला वाटलं, अण्णा तेच म्हणतायत."

लतिकाला ओरडायचं होतं, टेबल उलथायचं होतं. पण तिच्या तोंडून फक्त एक प्रश्न निघाला.

"नळी होती तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिलं. खोटं बोलले असते तर उपकार झाले असते. "बारीक होती एक," ते म्हणाले. "जगला असता असं नाही म्हणत मी. पण होती."

परतीच्या वाटेवर मिथुनने गाणी लावली नाहीत. लतिका क्रेट मांडीवर घेऊन मनात वाक्यं जुळवत होती. खरं सांगावं, तर अण्णांच्याच तोंडच्या शब्दाने टीसी गेला. ज्या माणसाला बोलायला एकच जीव उरला होता, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

अण्णा अंगणात खाटेवरच बसले होते. पायाशी घमेलं, त्यात किनाऱ्यावरून आणवलेली ताजी, ओली वाळू. रिक्षा थांबायच्या आतच ते उठले.

"झाला का मोकळा?"

लतिकाने क्रेट खाली ठेवला. अण्णा वाकून सुतळीची गाठ सोडायला लागले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. त्यांना कळलं. ते तसेच वाकून राहिले.

"गेला?"

"गेला, अण्णा."

"अडलेलाच गेला?" त्यांचा आवाज चिरकला. "तसाच?"

"नाही, अण्णा." लतिकाने हात सोडला नाही. "नळी घातली. सगळं मोकळं झालं. शांत झोपला, आणि मग गेला."

अण्णा खाटेवर बसले. पायाने घमेलं खाटेखाली सारलं. मग डोळे पुसून म्हणाले, "मोकळा होऊन गेला. तेवढं तरी झालं." आणि थोड्या वेळाने, "फोनवर मी नीट सांगितलं होतं ना गं डॉक्टरांना? आवाज तुटत होता मधेमधे."

"नीट सांगितलंत, अण्णा," लतिका म्हणाली. "त्यांना सगळं ऐकू गेलं."