पाच बायांचा जबाब

तपासणीवाल्या भूमिका मॅडम ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या, आणि ममता दाराची चौकट धरून उभी राहिली. आत पत्र्याच्या शेडमध्ये पाच बाया ज्वारीचं शिजवलेलं पीठ, गरम घाटा, ओल्या फडक्यावर थापून बिबड्या करत होत्या. एरवी त्यांची तोंडं बंद होत नसत. आज सगळ्यांचे कान बाहेर होते.

ममताच्या या बिबडी-पापडाच्या धंद्याला सरकारी अनुदान मंजूर झालं होतं, पण बँकेत अडकून पडलं होतं. अट सरळ होती. धंदा चालू पाहिजे आणि पाच जणांना त्यात रोजगार मिळालेला पाहिजे. आज तपासणीत पास झालं तर ते अनुदान कर्जात वळतं होऊन तेवढं तिचं कर्ज फिटणार. नाही झालं तर परत जाणार, आणि शेड, चक्की सगळं बँकेच्या ताब्यात.

"हजेरीपुस्तक दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"ते... ठेवलं नाही मॅडम."

"पगार बँकेतून देता?"

"हातात देते."

खरं तर हातातही देत नव्हती. इथंच तर बाईनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. तापीकाठची ही पाटलांची गावं. घरात चूल कशीबशी पेटत असेल, पण आपली बाई दुसऱ्याच्या दारी रोजानं जाते असं कोणी म्हणता कामा नये! बिबड्यांना मात्र बाया एकमेकींच्या घरी पूर्वीपासून जातात, मदतीला, फुकट. ममतानं त्याचाच आडोसा घेतला. बाया यायच्या 'मदतीला', आणि शनिवारी प्रत्येकीच्या घरी बिबड्यांचा वानोळा जायचा, नोटा चवडीच्या तळाशी. कोणाची मान खाली नाही, कोणाचं नाक वर नाही. तेव्हा आपण फार हुशार आहोत असं ममताला वाटलं होतं.

"मग बायांचे जबाब घ्यावे लागतील, पंचासमोर." मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला हात केला. "आजोबा, या जरा."

झालं! अख्ख्या गावात मॅडमना तोच सापडला. हिलाल आप्पा. आशाचा सासरा आणि गजराबाईचा दीर. भाऊबंदकीत ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही असा माणूस, आणि त्याच्याच घरच्या दोघी आत घाटा थापत होत्या. वानोळ्याच्या बिबड्या मिटक्या मारत खायचा, पण तळाशी काय असतं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आप्पा येऊन मॅडमशेजारच्या खुर्चीवर बसला. पहिली आशाला बोलावलं.

"तुम्ही इथे कामाला आहात?"

आशानं सासऱ्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला. "नही मॅडम. मदतले येस मी."

मॅडमनी लिहिलं. अगं कालच तर पढवलं होतं ना तुम्हाला, देवासमोर बसून!

जमनाबाई आली. ती तर ममताकडे बोट करून हसलीच. "मन्ही पुतनसून शे ती. तिना घर मी कामले जासू का?"

तापीबाई तेच बोलली. चौथी तेच बोलली. मॅडमचं पेन खाली चाललं होतं आणि ममता कपाळाचा घाम पुसत होती. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. या पैसे घेतात, दर शनिवारी घेतात! जिभेवर आलंही. तेवढ्यात दाराआडून आशानं तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. ममतानं दात आवळले. शेड जाऊ दे, चक्की जाऊ दे, पण हिचं बिंग मी फोडणार नाही.

"शेवटच्या कोण?" मॅडमनी घड्याळ पाहिलं.

गजराबाई हात न धुताच आली. साठीची विधवा. बोटांना घाटा चिकटलेला.

"लिखा. गजराबाई पाटील. मजूर."

"गजराबाई!" आप्पा ओरडला.

"दोन वरीस झायात, मी आठे रोजवर येस. पैसा घेस. चोरी नही करत." तिनं दिराकडे वळूनही पाहिलं नाही. "आनि या चारी बी घेतस. लाजथीन खोटं बोली ऱ्हायन्यात. परत इचारा त्यासले."

मॅडमनी पेन उचलून धरलं. आप्पाची मान लाल झाली होती. मग आशाच पुढे आली. "मॅडम, मन्हं खोडा. मी बी कामले शे." तिच्या मागून जमनाबाई, तापीबाई, चौथी. मॅडमनी पाचही जबाब नव्यानं लिहिले आणि अंगठे-सह्या घेतल्या. ममताला रडू फुटायचं बाकी होतं, आनंदाचं.

"आजोबा, आता पंच म्हणून तुमची सही. त्याआधी एक विचारते, इथं रकानाच आहे. या बायांपैकी कोणी तुमच्या नात्यातली असेल तर तुमची सही चालणार नाही. मला सगळं पुन्हा करावं लागेल, आणि आजची तर शेवटची तारीख आहे. कोणी लागतं का तुमचं?"

आता हा 'हो' म्हणणार आणि सगळं पाण्यात.

हिलाल आप्पानं पाची जणींवरून नजर फिरवली. आशावर थांबली, गजराबाईवर थांबली.

"नही," तो म्हणाला. "यामाईन मन्हं कोन्ही लागत नही."

त्यानं सही केली, टोपी सारखी केली आणि निघून गेला. मॅडम फाईल आवरत म्हणाल्या, "अभिनंदन ताई. तुमचं काम झालं."

झालं खरं. जीप धूळ उडवत गेली तरी बाया तशाच उभ्या होत्या. आशा ओट्याच्या पायरीवर बसली.

"ममता," ती म्हणाली, "आज संध्याकायले मी तुन्हा घर ऱ्हाऊ का?"

ममतानं तिला जवळ घेतलं. गजराबाईनं मात्र तिच्या दंडाला धरून उठवलं. "काही नही ऱ्हावानं. आपलं घर शे ते. दोन्ही जाऊत." बोलायला खणखणीत बोलली, पण निघताना आशाचा दंड तिनं सोडला नाही.