दिव्यावरची भुवई

मी एक जुनी भुवई आहे. हसू नका, मित्रांनो! माणसाच्या नाही, मी मोटारीच्या डोळ्यावरची भुवई आहे. पुढच्या दिव्याचा झोत वर न उडता रस्त्यावर पडावा, म्हणून दिव्याच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखी पितळी पट्टी बसवत, ती मी. आम्ही गाडीबरोबर येत नव्हतो. ज्याला हौस असेल तो आम्हाला वेगळं विकत घेई. म्हणजे गाडीचा दागिनाच म्हणा ना!

माझा जन्म एका भट्टीत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, वर चकचकीत मुलामा चढवला. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण जन्मली. आम्हा दोघींना एका तरुण बाईंनी घेतलं. त्या गाडी चालवायला शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. मी उजव्या दिव्यावर बसले, बहीण डाव्यावर.

काय दिवस होते ते! कुणी देवाचं नाव घेत गाडी सुरू करी, कुणी ब्रेक समजून भलतंच दाबी. बाई कधी ओरडल्या नाहीत. त्यांचं एकच सांगणं असे, "चूक झाली की आधी थांबायचं. मग मागं बघायचं. मगच पुढचं." रोज सकाळी त्या मऊ फडक्याने आम्हाला पुसत. येणारेजाणारे थांबून आमचं कौतुक करत आणि मी, खोटं कशाला बोलू, चांगलीच फुशारत असे.

एकदा एका शिकाऊ गृहस्थांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. माझी बहीण तुटली. तिचे तुकडे झाडून टाकले तेव्हा मला फार रडू आलं, पण पितळाला कुठले अश्रू? पुढे नव्या गाड्या आल्या, शिकणारे तिकडे गेले. आमच्या गाडीवर ताडपत्री पडली आणि माझ्यावर काळपट डाग. कोळ्याने माझ्या कोपऱ्यात संसार थाटला. तेवढीच सोबत.

मग एके दिवशी ताडपत्री निघाली. बाईंची लेक समोर उभी होती.

"आई, याच गाडीवर मी शिकवणार. किल्ली दे."

बाईंचे केस पांढरे झाले होते, पण हट्ट तसाच होता. "दोन्ही भुवया बसव, मग किल्ली घे. अर्ध्या चेहऱ्याची गाडी मी कुणाच्या हातात देणार नाही."

लेकीने इंजिन दुरुस्त केलं, गाद्या नव्या शिवल्या. भुवई मात्र मिळेना. तिने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. एक जण म्हणाला, "ताई, अख्खी गाडी मागा, देतो. भुवई कुठून आणू?" शेवटी ती मला काढून पितळ ओतणाऱ्या ओतारीमामांकडे घेऊन गेली. "हिच्यासारखी दुसरी करून द्या."

मामांनी मला ओल्या वाळूत दाबलं, माझा ठसा घेतला आणि त्यात पितळ ओतलं. नवी भुवई निघाली, हुबेहूब! लेकीने घरी आणून आम्हा दोघींना बसवलं, लांब जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवी माझ्याहून लहान होती. गाडीने एक डोळा विस्फारलाय आणि दुसरा मिचकावलाय, असं दिसत होतं.

मामाही बघायला आले.

लेकीने मला खाली उतरवलं आणि कानस उचलली. "जुनीच्याच कडा घासते. दोघी सारख्या दिसल्या म्हणजे झालं."

मित्रांनो, मी फार घाबरले. माझी बहीण गेली होती. आता माझं मापही गेलं, तर खरी भुवई कशी होती हे जगात कोण सांगणार?

"थांब!" बाई म्हणाल्या. "चूक नवीची आणि शिक्षा जुनीला? आधी मागं बघ."

मामांनी मनातल्या मनात आपलं काम मागं तपासून पाहिलं. मग स्वतःच हसत सुटले. "अहो, पितळ थंड होताना आकसतं! म्हणून सुतार मला लाकडी नमुना देतो तो मुळातच थोडा मोठा असतो. यावेळी मी तयार वस्तूवरूनच ठसा घेतला. ओतण्यात जन्म गेला आणि हेच विसरलो!"

मग मी सुताराच्या टेबलावर गेले. त्याने माझ्याकडे बघून जरा मोठा नमुना कोरला. त्यावरून ओतलेली भुवई आकसली आणि बरोबर माझ्याएवढी झाली. मलाही घासूनपुसून नवा मुलामा दिला. डाव्या दिव्यावर पुन्हा कुणीतरी बसलं. ती माझी बहीण नाही, पण धाकटी म्हणायला मला आवडतं.

बाईंनी दोघींवरून हात फिरवला आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली. ती छोटी, चुकलेली भुवईही त्यांनी टाकली नाही. शिकायला येणाऱ्यांना दिसेल अशी भिंतीवर टांगली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना मऊ हाताने पुसा, ऊनपावसापासून जपा. आणि नव्याशी जुळत नाही म्हणून जुन्याला कानस लावू नका. तुटलेलं पुन्हा घडवायचं झालं, तर माप आमच्याकडेच असतं.

काल पहिली शिकाऊ मुलगी आली. गाडी गचकन थांबली, तिचा चेहरा उतरला. लेक शांतपणे म्हणाली, "थांबलीस ना? छान. आता मागं बघ."

मागच्या सीटवर बाई बसल्या होत्या. त्या हसल्या.